निळी गोळी, सुईण आणि गिरणीतली बाई

मागच्या पावसाळ्यात रोहा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत जाणे झाले. दुपारचे जेवण आटोपले होते. वर्गशिक्षिका एका हातात गोळ्यांची पाकिटे आणि दुसऱ्या हातात हजेरीपत्रक घेऊन उभ्या होत्या. ज्याचे नाव पुकारले जाई तो उठे, निळी गोळी घेई, वर पाणी पिई आणि तोंड उघडून दाखवी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, हा कार्यक्रम आता राज्यातल्या बहुतेक सरकारी आणि अनुदानित शाळांत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मधेच विचारले, "बाई, ही गोळी शोधली कोणी?" बाईंनी माझ्याकडे पाहिले. अवघड प्रश्न पाहुण्याकडे सरकवणे हा शिक्षकांचा जुना हक्कच आहे.

गोळीत दोन पदार्थ असतात : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. लोह रक्ताला हवे ही गोष्ट जुनी. आपल्याकडे लोहभस्म कैक शतके ठाऊक आहे. फॉलिक आम्लाची गोष्ट मात्र तशी अलीकडची. ती सुरू होते आपल्याच मुंबईत, बाळंतिणींच्या खाटांपाशी, आणि ती सुरू करणारी बाई परदेशातून आलेली होती.

हल्ली युरोप-अमेरिकेतल्या तरुण परिचारिका आणि प्रशिक्षित सुइणी काही आठवडे किंवा महिने आफ्रिका-आशियातल्या साधनांची वानवा असलेल्या रुग्णालयांत स्वेच्छेने काम करायला जातात. हातमोजे पुरत नाहीत, एका खाटेवर दोघी निजलेल्या, रक्त वेळेवर मिळत नाही, अशा ठिकाणी त्या बाळंतपणे करतात आणि मग परत जातात. त्या गेल्यावर मागे काय उरते, हा प्रश्न त्यांच्यातल्या विचारी मुलींना पडतोच. आपण या प्रश्नाकडे उलट बाजूने पाहू शकतो, कारण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ते 'साधनांची वानवा असलेले रुग्णालय' आपले होते.

परदेशी स्त्री डॉक्टरांची ये-जा मुंबईत सुरू झाली ती १८८० नंतर. पुरुष डॉक्टरांकडून तपासून घ्यायला स्त्रिया तयार नसत. घरच्यांनाही ते चालत नसे. जॉर्ज किट्रेज हे मुंबईत व्यापार करणारे अमेरिकन गृहस्थ आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी मिळून निधी उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी देणगी दिली. १८८३ च्या अखेरीस एडिथ पीची ही इंग्रज डॉक्टर मुंबईस आली. १८६९ मध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत प्रवेश घेऊन खळबळ उडवणाऱ्या सात मुलींपैकी ती एक. कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. बालविवाह नाकारणाऱ्या रखमाबाईंना लंडनला जाऊन वैद्यक शिकण्यासाठी ज्यांनी पाठबळ दिले त्यांत पीची होत्या. रखमाबाई १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी आयुष्यभर इथेच काम केले. मागे काय उरले, याचे एक उत्तर इथे मिळते.

या बायांच्या लिखाणात एक खलनायिका वारंवार भेटते. ती म्हणजे आपली गावची सुईण. नाळ कापायला विळा किंवा बांबूची कामटी, अंधारी खोली, जुने फडके, न धुतलेले हात, असे तिचे वर्णन येई. त्यात खोटे फारसे नव्हते. विळ्यावर, मातीत, शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात. ते नाळेतून शिरले की आठवडाभरात बाळाची जिवणी आखडते, ते दूध ओढीनासे होते. खेड्यापाड्यांत अशी बाळे किती गेली त्याची गणती नाही. सुईण शिकवावी म्हणून १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी काढला. स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा हे धडे तेव्हापासून दिले जात आहेत. धनुर्वाताची लस आणि हे धडे मिळून काम झाले. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. म्हणजे त्या प्रसंगाची जिल्ह्यागणिक नोंद हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी झाली.

पण हात दोषी ठरवताना एक गोष्ट विसरली जाते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी पाहिले होते की जिथे डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करीत त्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रिया अधिक होत्या. जिथे सुइणी करीत तिथे कमी. शवविच्छेदनाच्या खोलीतून डॉक्टरांचे हात थेट बाळंतिणीकडे जात होते. हात कोणाचा यापेक्षा हाताला काय लागले आहे, हे महत्त्वाचे. मुंबईच्या गोष्टीत आणखी पुढचा प्रश्न होता. हात अगदी स्वच्छ, खोली उजेडाची, डॉक्टर शिकलेली, तरीही काही बाया पांढऱ्याफटक होऊन मरत होत्या. त्यांचे काय?

इथे गोष्टीत आपल्या जिल्ह्याचे एक नाव येते. मांडव्याहून अलिबागला जाताना झिराड लागते. कुलाबा जिल्ह्यात (१९८१ पासून रायगड) पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल ज्यूंनी गावांची नावे आडनावे म्हणून घेतली. पेणचे ते पेणकर, रोह्याचे रोहेकर, कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीचे अष्टमकर आणि झिराडचे झिराड. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणला त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. मुंबईला गेल्यावर या समाजातल्या मुली लवकर शिकल्या आणि शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर झाल्या. जेरुशा झिराड त्यांपैकी एक. लहानपणी त्यांची बहीण कामा रुग्णालयात बरी झाली. ते पाहून आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच रुग्णालयात यायचे, असे त्यांनी ठरवले. ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या १९१२ मध्ये बाहेर पडल्या. १९१४ मध्ये, युद्ध पेटत असताना, त्या लंडनला गेल्या. भारत सरकारची परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. १९१९ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रातली एम. डी. पदवी घेतली. १९२८ मध्ये त्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि १९४७ पर्यंत त्या जागेवर राहिल्या. ज्या खुर्चीवर तोवर परदेशी स्त्रियाच बसत आल्या होत्या, तिच्यावर बसणारी ही पहिली भारतीय.

झिराड लंडनच्या ज्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिकत होत्या, तिथेच १९१५ मध्ये लूसी विल्स नावाची एक विद्यार्थिनी दाखल झाली. १८८८ चा जन्म. आधी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकलेली. डॉक्टर झाल्यावर तिने दवाखाना काढला नाही. रक्ताच्या आणि रसायनांच्या तपासणीत रमली. १९२८ मध्ये तिला मुंबईचे बोलावणे आले. डॉ. मार्गारेट बाल्फर या स्कॉटिश बाई भारतातल्या मातामृत्यूंची चौकशी करीत होत्या. गर्भार स्त्रियांना होणारा एक विचित्र रक्तक्षय त्यांना छळत होता, त्यासाठी तपासणी जाणणारी कोणी हवी होती. लूसी विल्स परळच्या हाफकिन संस्थेत आली. परळच्या आजूबाजूला गिरण्यांची धुराडी होती.

त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बाया होत्या. सूत गुंडाळण्याच्या आणि लडी भरण्याच्या खात्यांत त्यांची गर्दी असे. रत्नागिरी-कुलाब्याची माणसे गिरणीत होतीच. पेणचा माणूस धरमतर बंदरातून बोटीने मुंबई गाठी. गिरणीतल्या बाया दिवस भरेपर्यंत उभ्याने काम करीत. बाळंतपणासाठी पगारी रजा मिळावी म्हणून मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात विधेयक आले. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. १९२९ मध्ये कायदा झाला. लूसी विल्स आली ती नेमकी याच वेळी. आपण शाळेत ही सनावळी नागरिकशास्त्राच्या तासाला एकीकडे आणि फॉलिक आम्ल विज्ञानाच्या तासाला दुसरीकडे शिकवतो. परळमध्ये मात्र ती एकाच बाईच्या अंगावर येत होती.

आता त्या रक्तक्षयाकडे वळू. नेहमीच्या, लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात तांबड्या पेशी आकाराने लहान आणि फिकट होतात. या बायांच्या रक्तात पेशींची संख्या फार कमी, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी दिसे. लोह देऊन उपयोग होत नसे. अशा मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय युरोपात ठाऊक होता. त्याला प्राणघातक रक्तक्षय म्हणत. १९२६ मध्ये मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी तो रोग्याला रोज भरपूर यकृत खाऊ घालून बरा करून दाखवला होता, आणि पुढे त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण तो म्हाताऱ्यांचा रोग. इथे वीस-पंचवीस वर्षांच्या गर्भार मुली होत्या.

विल्सने आधी जंतू शोधले. रक्त पाहिले, विष्ठा पाहिली. संसर्गाचा धागा सापडेना. मग तिने साधा प्रश्न विचारला : या बाया खातात काय? तिने निरनिराळ्या थरांतल्या स्त्रियांच्या घरच्या जेवणाची चौकशी केली. ज्यांना हा रोग जास्त, त्या बहुतेक गरीब घरच्या होत्या. त्यांच्या ताटात ताज्या भाज्या आणि फळे फारच कमी होती. माझ्या मते या सगळ्या हकिकतीत ही पायरी सर्वांत मोठी आहे. चाळीस वर्षे बोट सुइणीच्या हाताकडे होते. ते आता ताटाकडे वळले.

ताटातले नेमके काय, हे ठरवायला तिने उंदरांना तसेच निकस अन्न दिले. गाभण उंदरिणींना रक्तक्षय झाला. त्यात यीस्ट घातले की तो टळे. निष्कर्ष हाती आला असे वाटले, आणि मग कळले की उंदरांच्या अंगावरच्या उवांतून बार्टोनेला नावाचे जंतू पसरले होते आणि रक्तक्षयात त्यांचाही वाटा होता. विज्ञानाच्या पुस्तकात प्रयोग नेहमी सरळ चालतात. खऱ्या प्रयोगशाळेत उवा असतात. हा प्रसंग विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. त्या फसगतीमुळे विल्सने यीस्टचा नाद सोडला नाही. पुढे माकडांवर तिने पुन्हा प्रयोग केले, तेव्हा निकस आहाराने मोठ्या पेशींचा रक्तक्षय होतो हे दिसून आले.

बायांना देण्यासाठी तिने निवडला मार्माइट हा यीस्टचा अर्क. इंग्लंडात बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून तो १९०२ पासून बनत होता. काळसर, खारट, पावाला लावून खायचा पदार्थ. यकृत महाग, शिवाय अनेक घरांत ते खाणे मान्य नव्हते. यीस्टचा अर्क त्या मानाने स्वस्त. परिणाम लवकर दिसला. तीन-चार दिवसांत भूक परत येई, चौथ्या दिवसाच्या सुमारास नव्या तांबड्या पेशी वाढताना दिसत. ही माहिती तिने १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. पुढे तिने आणखी एक गोष्ट दाखवली. प्राणघातक रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या बायांना उपयोगी पडत नव्हता. कच्चा, न शुद्ध केलेला अर्क मात्र पडत होता. म्हणजे शुद्ध करताना जे काहीतरी निघून जात होते, तेच या बायांना हवे होते. दोन रोग, दोन वेगळे पदार्थ. त्या अज्ञात पदार्थाला पुढे 'विल्स घटक' हे नाव पडले.

१९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून एक आम्ल वेगळे केले. लॅटिनमध्ये पानाला 'फोलियम' म्हणतात, म्हणून ते फॉलिक आम्ल. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने बनवले गेले. त्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमहून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. गोष्ट मुंबईतून निघाली, लंडनला गेली, अमेरिकेत एका भारतीयाच्या हाताखाली पूर्ण झाली. दुसऱ्या पदार्थाचा, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाचा, शोध १९४८ मध्ये लागला. या दोघांची गल्लत आजही महागात पडते. ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

पेशी मोठी का होते, हा प्रश्न दहावीच्या वर्गाला सहज समजेल. पेशीचे दोन तुकडे होण्यापूर्वी तिच्यातल्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्या कामात फॉलिक आम्लाचे एक रूप लागते. ते नसेल तर प्रत अडते. पेशी मात्र वाढत राहते. वाढली, पण दुभंगली नाही; म्हणून आकाराने मोठी आणि संख्येने कमी. अस्थिमज्जेत तांबड्या पेशी सतत तयार होत असतात, त्यामुळे टंचाई आधी तिथे जाणवते. गर्भारपणात तर बाळ, वार, गर्भाशय आणि आईचे रक्त, सगळेच एकदम वाढत असते.

त्याहून आधीचा एक टप्पा आहे. गर्भाच्या पाठीच्या कण्याची आणि मेंदूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे चार आठवड्यांत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची सात देशांतली चाचणी १९९१ मध्ये पूर्ण झाली. ज्यांच्या आधीच्या बाळात हा दोष होता, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास तो पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे तिच्यात दिसले. मुलींना गोळी शाळेतच का द्यायची, याचे एक कारण इथे आहे.

भारतात गर्भवतींना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. गर्भवतीची गोळी आता तांबडी असते, सहा महिने रोज एक. गोळी बनवणे सोपे होते. घरापर्यंत कोण नेणार हे अवघड होते. सत्तरच्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडवा परिसरात डॉ. नोशीर अंटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायांना अर्धवेळ आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले होते. डॉक्टरांना जमत नाही ते या बाया शेजारधर्माच्या ओघात करीत, हे तिथे दिसले. आज पेण-रोह्याच्या वाड्यावस्त्यांवर ते काम परिचारिका आणि आशाताई करतात. पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर पावसात चालत जाणाऱ्या बाईच्या पिशवीत ही तांबडी पाकिटे असतात.

आणि तरीही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ रक्तक्षयी निघाल्या. आधीच्या फेरीत (२०१५-१६) त्या ४८ होत्या. गोळी ताटाची भरपाई करते, ताट बदलत नाही. लूसी विल्सने दाखवलेले बोट गोळीकडे नव्हते, ताटाकडे होते, याची आठवण ठेवलेली बरी. ती स्वतः १९४७ मध्ये नोकरीतून निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका असे फिरून गर्भार बायांचे जेवण आणि रक्त तपासत राहिली. १९६४ मध्ये ती वारली.

रायगडात फॉलिक आम्लाला तोटा नाही. भात निघाल्यावर त्याच जमिनीत वाल, चवळी, हरभरा होतो. पावसाळ्यात पेणच्या बाजारात टाकळा आणि कुर्डू घेऊन बाया बसलेल्या असतात. हे आम्ल पाण्यात विरघळते आणि फार उकळले तर नासते. म्हणून पालेभाजी उकडून हिरवे पाणी फेकून देणे म्हणजे अर्धी गोळी मोरीत ओतणे.

त्या मुलीला मी एवढे सगळे सांगितले नाही. गिरणीतल्या बाया, उवा आणि मार्माइट एवढेच सांगितले. उवा मुलांना फार आवडल्या. एकीने दबक्या आवाजात विचारले की गोळीने शौचाला काळी होते, ते वाईट का. अंगात न शोषलेले लोह तसे बाहेर पडते, त्याने काही बिघडत नाही, असे बाईंनी सांगितले. गोळीवर चहा मात्र पिऊ नका, चहा लोह शोषू देत नाही, हेही सांगितले. मग त्यांनी मुलांना वहीत काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले ते खरे खरे लिहायला लावले. वह्या गोळा झाल्यावर आम्ही दोघांनी त्या चाळल्या. चहा-बटर, भात, डाळ, सुकट, पुन्हा चहा. पालेभाजीचा उल्लेख दोन-तीन वह्यांत होता, आणि त्यांतल्या एका मुलीची आई बाजारात भाजी विकते, असे बाई म्हणाल्या.